टायमिंग चेन बदलायच्या आधी इंजिन घरीच खोलून साफ करायचंय, नेमकं कुठवर खोलू?

पेठेतला_पोरगा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

वडिलांची १०० सीसीची गाडी आहे, आडवं इंजिन, कार्बोरेटरवाली, २००९ ची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर इथं तुझी कंपनी माझी कंपनी सुरू होतं आणि प्रश्न राहतो बाजूला. मीटर ७८ हजारावर बंद पडलंय, त्याला पण तीन-चार वर्षं झाली, म्हणजे लाखाच्या पुढंच धरा. वडील टॉवेलच्या लूमवर आहेत, रोज साखर पेठेतून अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि परत, आणि गाडी दिवसभर शेडच्या दाराला लावलेली असते.

दोन महिने झाले इंजिन डाव्या अंगानं वाजूलालंय. आधी सकाळी गार असतानाच कर्र-कर्र करायचं आणि पार्क चौकापर्यंत गेलं की गप, आता गरम झाल्यावर पण गप होत नाही. एक्सलेटर सोडला की जास्त येतं. टॅपेट (व्हॉल्व्हच्या वरचे गॅपचे स्क्रू) सेट करून बघितले, काही फरक नाही. दोन गॅरेजला दाखवलं. एक म्हणला टायमिंग चेन (इंजिनच्या आतली, व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) गेली, दुसरा म्हणला चेन काय घेऊन बसलास, अख्खं इंजिन काम करून टाक, आठ हजार लागतील.

माझ्याकडं दिवाळीपासून पाना सेट आहे, हौस पण आहे, आणि वडील चार दिवस सायकलवर जायला तयार आहेत (आई तयार नाही). क्लच प्लेट आणि कार्बोरेटर मी स्वतः केलंय. इंजिनच्या आत हात कधी घातला नाही.

आता प्रश्न. चेन बदलायचीच आहे तर हेड (इंजिनचं डोकं), बोअर (पिस्टनचं नळकांडं), पिस्टन सगळं खोलून एकदा लख्ख करून घ्यावं का? आणि साफ कशानं करायचं? रॉकेल तर मिळत नाही आता. डिझेल वापरू का पेट्रोल? आमच्या गल्लीत डाइंगवाला एक दोस्त आहे तो म्हणतो कॉस्टिक सोडा देतो, हेड रात्रभर बुडवून ठेव, सकाळी आरशासारखं निघतंय. खरंय का?

अजून एक, इंजिनच्या फिनांत (बाहेरून थंड करणाऱ्या पात्यांत) बघितलं तर राखाडी नमद्यासारखं काहीतरी ठासून भरलंय, नखानं ओढलं तर पट्टी निघून येते. ते काय आहे आधी कळलंच नाही, मग लक्षात आलं, ऑइल आणि रुई.

जुळेसोलापूर_४१

गॅरेजला टाक की बे. आठ हजार जास्त वाटत असतील तर तिसरं गॅरेज बघ. तू खोलणार, मग पोत्यात भरून मिस्त्रीकडं नेणार, मग तो म्हणणार खोललं कुणी, आणि मग दहा हजार. माझं झालंय म्हणून सांगतोय.

अण्णा_पाना१४

वरच्या भाऊंचं मनावर घेऊ नको. पोत्यात भरून आणलेली इंजिनं मी तीस वर्षं जोडली, त्यातली निम्मी ज्यांनी खोलली ती पोरं पुढं चांगली मिस्त्री झाली.

पण बाळा, आधी मला तीन गोष्टी सांग, त्यावर कुठवर खोलायचं ते ठरतंय. धूर येतो का, आणि येत असेल तर कधी, सकाळी पहिल्या किकला का चालवताना पण? दुसरं, किक मारताना पायाला दाब लागतो का, का पोकळ जाते? तिसरं, ऑइल किती दिवसांनी टाकता आणि टाकताना कमी झालेलं असतं का?

आणि आवाज खरंच चेनचा आहे का ते बघून घे. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनला, मूठ कानाला. हेडच्या डाव्या गोल झाकणावर टेकव, मग मॅग्नेटच्या (वीज बनवणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) कव्हरवर, मग उजवीकडं क्लच कव्हरवर. डावीकडं दोन्ही ठिकाणी करकर आली आणि उजवी बाजू शांत असली तर चेन-टेन्शनरचंच काम आहे. कान लावताना चालू सायलेन्सरपासून मांडी लांब ठेव, हे पण सांगावं लागतंय.

पेठेतला_पोरगा

अण्णा, स्क्रू ड्रायव्हर लावून बघितला. डावीकडं गोल झाकणावर तर दगडी जात्यासारखं ऐकू येतंय, उजवीकडं काही नाही.

धूर सकाळी पहिल्या किकला निळसर येतो, एक-दोन मिनिटं, मग नाही. चालवताना मागं बसून बघितलं, नाही दिसला. किकला दाब चांगला आहे. ऑइल... खरं सांगू का, वडील "काळं झालं की बदलायचं" म्हणतात आणि त्यांच्या मते ते अजून काळं झालेलं नाही.

होटगीरोड_कर

मग चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. सकाळी पहिल्या किकलाच निळा धूर आणि नंतर बंद, म्हणजे रात्रभर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल थेंब थेंब उतरून पोर्टात (हेडमधल्या हवेच्या वाटेत) नाहीतर पिस्टनच्या डोक्यावर साचतं आणि सकाळी जळतं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर चालवताना पण धूर दिसला असता आणि किक पोकळ लागली असती. म्हणजे हेड काढायला कारण आहे, बोअर काढायला कारण नाही. बोअर एकदा उचललास की रिंगांची बसलेली जागा मोडते, खालचं पॅकिंग फाटतं, आणि लाखभर किलोमीटरच्या बोअरात त्याच रिंगा परत तशाच बसतील याची हमी नसते. "खोललंच आहे तर हे पण करू" या एका वाक्यानं हजाराचं काम आठ हजाराचं होतं. हेड काढताना बोअर वर उचललं जात नाही ना यावर लक्ष ठेव, लाकडी ठोकळ्यानं हेडला हलकं ठोकायचं, मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही.

खरं म्हणजे नुसती चेन बदलायला हेड पण काढावं लागत नाही. डावं गोल झाकण काढून वरचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) सोडलं, खाली मॅग्नेट आणि कॉइल प्लेट काढली की चेन खालून ओढून निघते. पण बोअरच्या आत चेनच्या वाटेवर गाइड रोलर असतो, रबराचा, तो लाखभरात टणक होऊन त्याला चेनची खाच पडलेली असते, आणि तो बदलायला हेड बाजूला केलेलं बरं पडतं. तुला सील पण टाकायचेत, म्हणजे हेडपर्यंत खोल आणि थांब.

आता जे कुणी विचारत नाही ते. चेन सैल झाली का? चेन झिजते हे खरं, पण तिला ताणून धरायला टेन्शनर आहे की. या आडव्या इंजिनांत खालून एक दांडी स्प्रिंगच्या जोरावर आणि आत साठलेल्या ऑइलच्या आधारानं टेन्शनरच्या हाताला वर रेटत असते. ऑइल डांबर झालं की दांडी जागेवर चिकटते, चेन फडफडायला लागते, मग रोलर खाते आणि त्या रबराचा भुगा परत ऑइलमध्ये. नवी चेन टाकून दांडी तशीच घाण ठेवलीस तर सहा महिन्यांनी इथंच परत धागा काढशील. म्हणून साफसफाई दिसण्यासाठी नाही, ती टेन्शनरसाठी आणि ऑइलच्या वाटांसाठी करायची. हेड आरशासारखं नसलं तरी गाडीला फरक पडत नाही.

रंगाची_भट्टी

कॉस्टिकचं वाचून लॉगिन केलं. त्या दोस्ताला माझा नमस्कार सांग आणि त्याच्याकडून काही घेऊ नको.

आमच्याकडं सूत उकळायला कॉस्टिक रोजचं आहे. एकदा कामगाराचा अ‍ॅल्युमिनियमचा मग गरम कॉस्टिकच्या टाकीत पडला, जेवण करून येऊन काढला तर चाळणी झालेली, कान तर शिल्लकच नव्हता. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं, नुसता मळ खाऊन थांबत नाही, आणि खाताना जे बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, ठिणगीला पेटणारा. तुझं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. रात्रभर ठेवलंस तर सकाळी पॅकिंगची बसायची जागा खडबडीत, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) बसण्याच्या जागा मोठ्या झालेल्या, म्हणजे हेड भंगारात. डोळ्यात उडालं तर डोळा जातो ते वेगळंच.

आरशासारखं निघतं हे लोखंडाच्या भांड्याबद्दल कुणीतरी बोललं असेल, ते फिरत फिरत हेडपर्यंत आलंय.

पेठेतला_पोरगा

बाप रे. बरं झालं विचारलं. त्यानं डबा भरून पण ठेवला होता.

मग डिझेलच का? आणि खोलायच्या आधी बाहेरून धुवायचं का आतून-बाहेरून एकदमच?

अण्णा_पाना१४

आधी बाहेरून. हा नियम मोडलास की बाकी सगळं वाया. झाकण उघडताना फिनावरची माती कोपऱ्यातून आत पडती, आणि आपल्या सोलापूरची माती म्हणजे काय सांगायचं, पॉलिश पेपरच.

तुझ्या गाडीवर रुई आहे, म्हणून डिझेल लगेच मारू नको. रुई भिजली की फिनात घट्ट बसती, मग निघता निघत नाही. आधी कोरडं. बांबूची चपटी काडी कर आणि फिनाच्या मधून ओढून पट्ट्या काढ, मग कडक ब्रश, मग पंक्चरवाल्याकडं नेऊन हवा मार. लूमवाल्यांच्या गाड्या मी लई बघितल्यात, फिन बुजले की इंजिनला गोधडी पांघरल्यासारखं होतं, एप्रिल-मेच्या उन्हात ४२-४३ डिग्रीला ते इंजिन काय थंड होणार? ऑइल त्यामुळं पण लवकर जळतं.

मग कार्बोरेटरच्या तोंडाला आणि सायलेन्सरच्या भोकाला कॅरीबॅग बांध, प्लग तसाच घट्ट राहू दे, डिझेल ब्रशनं लावून पंधरा मिनिटं मुरू दे आणि निरम्याच्या पाण्यानं धू. नळाला पाणी यायचा दिवस बघून काम काढ, नाहीतर अर्ध्यात बसशील. धुतल्यावर पूर्ण वाळव, उन्हात दोन तास.

आतले पार्ट डिझेलमध्येच. पेट्रोलनं साफ भारी होतं हे खरं, पण बंद खोलीत, घमेल्यात पेट्रोल आणि वर बल्ब लोंबतोय असं मी एका ठिकाणी पेटलेलं बघितलंय, हातावर डाग अजून आहेत त्याच्या. डिझेलला पण विडी-सिगारेट लांबच. आणि घाण डिझेल-ऑइल गटारीत सोडू नको, कॅनमध्ये भरून ठेव, जुनं ऑइल घेणारे असतात.

अजून एक. पुसायला टॉवेल घेऊ नको. तुझ्या घरी टॉवेलाची कमी नसणार माहीत आहे मला. त्याचे धागे सुटतात आणि नेमके ऑइलच्या भोकात जाऊन बसतात. आजोबांचं जुनं धुतलेलं धोतर असलं तर सोनं.

होटगीरोड_कर

धोतराबद्दल शंभर टक्के. मी बनियन वापरतो, तेच.

खोलताना मी काय करतो ते लिहितो, घाईघाईत.

स्क्रूंसाठी पुठ्ठा. टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा घे, मॅग्नेट कव्हरचा आकार पेनानं काढ आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथंच भोक पाडून खोच. लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू छोट्याच्या जागी आवळला तर केसिंगला तडा जातो. क्लच कव्हरला दुसरा पुठ्ठा. जाम झालेले चौफुली स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरनं मोडू नकोस, हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, कुणाकडून तरी माग.

मॅग्नेटला पुलरच (ओढून काढायचं हत्यार) लागतो, हातोडी नाही. ठोकलंस तर आतली चुंबकं सुटतात, क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) वाकू शकतो. मॅग्नेट निघाल्यावर क्रँकवर अर्धचंद्र चावी असते, ती पडते आणि मॅग्नेटच्याच चुंबकाला जाऊन चिकटते, तिथं शोध.

वरचं स्प्रॉकेट काढायच्या आधी खुणा जुळव. मॅग्नेट डाव्या बाजूनं बघताना घड्याळाच्या उलट फिरवायचं, "टी" ची खूण केसिंगच्या खाचेसमोर आण, आणि स्प्रॉकेटवरची गोल खूण हेडच्या खाचेसमोर. दोन्ही टॅपेट त्या वेळी सैल हलले पाहिजेत. सैल नसले तर तू एक फेरा चुकलास, अजून एक पूर्ण फेरा दे. फोटो काढ, मग दुसऱ्या कोनातून अजून एक. चेनला वरून तार बांधूनच स्प्रॉकेट काढ.

हेडचे नट तिरपे-तिरपे, थोडे थोडे सैल करत. त्यात एकाखाली तांब्याचा वॉशर असतो, त्याची जागा ठरलेली आहे, ती चुकली की ऑइल बाहेर झिरपतं. त्याचा पण फोटो.

कार्बन काढायला हॅक्सॉ ब्लेड घेऊ नकोस हेडला. लाकडाची पट्टी नाहीतर पितळी ब्रश. पॅकिंगचे चिकटलेले तुकडे डिझेलनं भिजवून नखानं, प्लास्टिकच्या पट्टीनं, वेळ लागू दे. पॉलिश पेपर तर बिलकुल नाही, त्याचे खडे ऑइलमध्ये जातात आणि घासता घासता सपाट जागेला खळगा पडतो. पिस्टनचं डोकं साफ करताना पिस्टन वर आणून ठेव, भोवतीच्या फटीत ग्रीसचं बोट फिरव, म्हणजे कार्बनचा भुगा ग्रीसला चिकटेल. नंतर पिस्टन थोडा खाली घेऊन ते ग्रीस पुसून काढ. चेनच्या बोगद्यात कापडाचा बोळा कोंब. आणि किती बोळे कोंबलेत ते मोजून लिहून ठेव. हसू नका, माझा एक बोळा आत राहिला होता.

जुळेसोलापूर_४१

आता समजलं तुमच्या गाडीला मऊ आवाज का येतो 😄

अण्णा_पाना१४

होटगी रोडच्या साहेबांनी उजवी बाजू सांगितलीच नाही. डावीकडं चेन म्हणून सगळे डावीकडंच बघतात. उजवीकडं क्लच कव्हर काढलं की क्रँकच्या टोकाला एक गोल डबी असती, तीन स्क्रूंचं झाकण. तो ऑइलचा फिल्टर आहे बाळा. कागदाचा नाही, डबी क्रँकबरोबर गरागरा फिरती आणि घाण भिंतीला फेकली जाऊन चिकटती. लोक दहा-दहा वर्षं ती उघडत नाहीत कारण ऑइल बदलताना ती दिसत नाही. उघड, आत काळं लोणी असेल. चमच्यानं काढ, मग डिझेल. खाली जाळी पण असती सरकवून काढायची, ती पण.

हे न करता नवी चेन टाकणं म्हणजे पोराला आंघोळ घालून परत मळकीच चड्डी.

आणि नवी आणि जुनी चेन शेजारी शेजारी खिळ्याला टांगून बघ, लांबीतला फरक डोळ्यानं दिसतो. मला अजून बघायला मजा येते.

पेठेतला_पोरगा

सगळं वहीत उतरवून घेतलं. शनिवारी सुट्टी आहे, शनिवार-रविवार करतो. कळवतो.

पेठेतला_पोरगा

झालं एकदाचं! दोन दिवसांचं काम चार दिवस चाललं, वडील सायकलवर खूश आहेत, गुडघा दुखायचा थांबला म्हणे.

फिनातली रुई काढली तर जेवणाच्या ताटभर निघाली, खोटं नाही सांगत. वडिलांनी हातात घेऊन बघितली, चोळली, आणि म्हणाले ही आमच्या शेडची नाही, आमचं सूत यापेक्षा बारीक असतं. त्यांना इंजिनचं काही पडलेलं नाही.

चेन काढून खिळ्याला टांगली अण्णा, नवीपेक्षा जवळजवळ अर्धा कडी लांब. पण खरी गंमत खाली होती. टेन्शनरची दांडी निघेचना. खालचा बोल्ट काढला, स्प्रिंग निघाली, दांडी जागेवर. डिझेल टाकून रात्रभर ठेवली, सकाळी लाकडानं ठोकल्यावर टप् करून आली आणि मागून काळा चिकट रस. धुतल्यावर बोटानं दाबली तर मस्त मागं-पुढं होतीये, म्हणजे ही कित्येक वर्षं नुसती आत झोपून होती. गाइड रोलरला चेनच्या रुंदीची खाच, नख पूर्ण आत जातंय.

उजवीकडची डबी उघडली. लोणी नाही अण्णा, बूटपॉलिश. डबी अर्ध्याला जास्त भरली होती. वडिलांना दाखवली, "हे ऑइल काळं झालंय का आता?" विचारलं. काही बोलले नाहीत, चहा प्यायला गेले.

हेडमध्ये दोन्ही सील बदलले. व्हॉल्व्ह बसवून पोर्टातून डिझेल ओतून बघितलं, एक्झॉस्टच्या बाजूनं पाझरत होतं, मग व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून घासला, परत ओतलं, दहा मिनिटं थेंब नाही. पेस्ट धुवायला घासण्यापेक्षा जास्त वेळ गेला, तिसऱ्या वेळेला धोतर स्वच्छ निघालं तेव्हा थांबलो. (धोतर आजोबांचंच. आजीला सांगितलेलं नाही.)

आणि आता माझा पराक्रम. सगळं जोडलं, किक मारली, कार्बोरेटरमधून फट्ट! परत मारली, परत फट्ट. शेजारचे बाहेर आले. मी घामाघूम, जुळे सोलापूरवाल्या भाऊंचं पोतं डोळ्यासमोर.

होटगीरोड_कर

एक दात.

पेठेतला_पोरगा

हो. गोल झाकण परत काढून बघितलं तर "टी" बरोबर, वरची गोल खूण एक दात पुढं. स्प्रॉकेट चढवताना मॅग्नेट जरासं सरकलं असणार आणि मी नंतर परत जुळवून बघितलंच नाही, वहीत लिहिलेलं असून. वीस मिनिटांत नीट केलं. या वेळी मॅग्नेट हातानं चार पूर्ण फेरे फिरवून परत खुणा बघितल्या आणि मगच झाकण लावलं.

होटगीरोड_कर

नशीब की किकवर भागलं. दात चुकलेला असताना हाताला अडलं आणि तरी जोर लावला तर व्हॉल्व्ह पिस्टनला आपटून वाकतो. म्हणून आधी हातानं निदान दोन फेरे, क्रँकचे दोन म्हणजे कॅमचा एक. हे मी लिहायला विसरलो होतो, चूक माझी पण आहे.

चालू करायच्या आधी ऑइल वर चढवलंस का?

पेठेतला_पोरगा

हो, ते अगदी केलं. कॅमवर आणि टेन्शनरच्या खड्ड्यात ऑइल सोडलं, मग प्लग काढून तीसेक किक मारल्या, टॅपेटच्या झाकणातून बघितलं तर वर ऑइल आलेलं. मग प्लग लावून मारली, तिसऱ्या किकला चालू. आवाज नाही. म्हणजे टॅपेटची बारीक टिकटिक आहे पण ती तर हवीच ना?

अण्णा_पाना१४

टिकटिक हवीच. अजिबात आवाज नसला तर टॅपेट घट्ट आहेत समज, मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. पाचशे किलोमीटरनंतर गार इंजिनावर फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून परत बघ, पेस्टनं घासलंयस म्हणजे व्हॉल्व्ह जरा वर बसतो, गॅप कमी होतो. हेडचे नट पण तेव्हा एकदा तपास.

आणि ऑइल आत्ता जे टाकलंस ते तीनशेलाच काढून टाक. कितीही धू, कोपऱ्यात राहिलेली घाण आता नव्या ऑइलमध्ये सुटून येती. दुसऱ्यांदा टाकताना गाडीचंच ऑइल, डब्यावर जासो एमए लिहिलेलं. कुणी कारचं उरलेलं दिलं तर घेऊ नको, क्लच सरकायला लागेल.

किती खर्च आला?

पेठेतला_पोरगा

चेन, रोलर, सील, पॅकिंग सेट, दोन वेळचं ऑइल धरून चौदाशेच्या आत. पुलर भाड्यानं पन्नास रुपये. डिझेल चार लिटर. आणि कॉस्टिकवाल्या दोस्ताला एक चहा, तो डबा परत नेताना तोंड पाडून होता.

फक्त एक टेन्शन आहे. सगळं जोडून झालं आणि पुठ्ठ्याशेजारी एक वॉशर उरलाय. पातळ, साधा, दहाच्या बोल्टाला बसेल असा. पुठ्ठे बघितले, सगळे फोटो बघितले, कुठंच दिसत नाही. बोळे मोजले, ते बरोबर आहेत.

अण्णा_पाना१४

तांब्याचा तर नाही ना??

पेठेतला_पोरगा

नाही अण्णा, लोखंडी. तांब्याचा जागेवर आहे, फोटोत पण आहे, हेड कोरडं आहे.

जुळेसोलापूर_४१

वॉशर उरला म्हणजे पूर्ण मिस्त्री झालास बे. अभिनंदन.

पेठेतला_पोरगा

अपडेट. वडिलांना वॉशर दाखवला. लूमचा आहे म्हणाले, त्यांच्याच शर्टाच्या खिशातून पडला होता, रविवारपासून शोधत होते.